सुधाकाकूचं विटांचं घर

आज सुधाकाकूचं वर्षश्राद्ध आहे आणि आमच्या घरात सकाळपासून बांधकाम चालू आहे.

सुधाकाकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. बडोद्याच्या नागरवाड्यात आम्ही खाली राहायचो, ते वर. स्वयंपाकघरं दोन, पण वास सगळा सामाईक.

तिला दागिने नको होते, साड्या नको होत्या. ओव्हन हवा होता.

केक ती कुकरमध्ये वाळू घालून करायची. काका मकरपुऱ्याला एका कारखान्यात होते. ते म्हणायचे, "ज्यात पोळी होत नाही, ते यंत्र स्वयंपाकघरात हवंय कशाला?"

त्या वर्षांत बडोद्यात रोज काहीतरी नवीन यायचं. आधी केबल आली, मग पिझ्झा आला. अलकापुरीत एक चकचकीत दुकान उघडलं आणि त्यांनी नाताळची स्पर्धा ठेवली. जिंजरब्रेड हाऊस करायचं. घराचा कण न् कण खाण्याजोगा हवा.

पहिलं बक्षीस ओव्हन.

मी तेव्हा आठवीत होते. काकू म्हणाली, "चिमे, हे घर नक्की दिसतं कसं गं?"

मी मैत्रिणीकडचं ग्रीटिंग कार्ड आणून दाखवलं. त्यावर बिस्किटाचं घर होतं आणि छपरावर बर्फ.

काकूने ते जवळ धरून पाहिलं. "हा तर दिवाळीचा किल्लाच की. फक्त खायचा."

झालं. किल्ल्यात आमचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं.

बजेट म्हणजे घरात असेल ते. मधाऐवजी गूळ, बटरऐवजी तूप. अंड्याचं तर आजीसमोर नावही काढायची सोय नव्हती. सुंठ, लवंग, दालचिनी मसाल्याच्या डब्यातून आली. संत्र्याच्या गोळ्या वितळवून खिडक्यांच्या काचा झाल्या. छपराला तिळाची चिक्की, तिचा तर सीझनच होता.

पण भाजायचं कुठे? कुकरमध्ये भिंत मावेना.

तेव्हा लोक आपापलं तूप-मैदा घेऊन भट्टीवर जायचे आणि नानखटाई भाजून आणायचे. काकूनेही पुठ्ठ्याच्या मापाने चार भिंती लाटल्या आणि रावपुऱ्यातल्या भट्टीवर दिल्या. दुसऱ्या दिवशी स्पर्धा.

संध्याकाळी डबा उघडला, तर भिंती नाहीत. आत छोटे छोटे तुकडे, एकसारखे, खरपूस.

भट्टीवाला खुशीत होता. "बेन, आटला मोटा कोण खाय? में कापी आप्या."

बिचाऱ्याने रोजच्या सवयीने सगळ्यांचं कापतो तसं आमचंही कापून दिलं होतं. त्याला काय बोलणार? काकू "सारू", म्हणजे बरं, म्हणाली आणि डबा उचलून चालू लागली. मी मात्र रस्ताभर रडले. ओव्हन गेला होता.

घरी आल्यावर तिने डबा पेपरवर उपडा केला. एक तुकडा उचलला, त्यावर दुसरा ठेवला, मग तिसरा आडवा.

"अगं, या तर विटा आहेत."

मग काय विचारता! चिक्कीच्या गुळाचा पाक गॅसवर, आणि काकू मुकादम.

"पाक थांबत नाही, हात चालवा."

भिंती चढल्या. ओटा झाला, तुळशीवृंदावन झालं. तुळशीशिवाय घर कसलं?

शेवटी बर्फासाठी ती पिठीसाखर चाळायला बसली. काका पेपरमागून म्हणाले, "बडोद्यात बर्फ? आपल्या छपरावर पतंग पडतात फक्त."

काकूने चाळणी खाली ठेवली.

"उठा. कात्री घ्या आणि पापड कापा. चौकोनी."

स्वतःच्याच बोलण्यात अडकले बिचारे. पण कापला हं पतंग, शेपटीसकट. काकूने तो तळून छपरावर तिरका टेकवला.

स्पर्धेत एकेक घर म्हणजे महाल होता. बदाम काय, चेरी काय, बर्फ तर विचारू नका. आमचं आपलं तपकिरी.

जज एका हॉटेलचे शेफ होते. "स्नो नथी, बेन?"

"अमारा घर पर तो पतंग ज पडे, भाई."

सगळे हसले, तेही हसले. मग त्यांनी एकेका घराच्या आत डोकावायला सुरुवात केली. महालांच्या भिंती उभ्या राहत नव्हत्या, म्हणून बहुतेकांनी आतून पुठ्ठा लावला होता.

आमच्या घरात पुठ्ठा नव्हता. त्यांनी कोपऱ्यातली वीट ओढली, ती निघेना.

काकू म्हणाली, "जोर करो."

निघाली एकदाची. त्यांनी ती खाल्ली, आणि मग न विचारता दुसरी ओढायला लागले.

ओव्हन रिक्षातून काकूच्या मांडीवर बसून घरी आला. रात्री काका त्याचं माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवत होते.

त्या ओव्हनवर काकूने अर्ध्या नागरवाड्याला केक शिकवले. पण दर डिसेंबरला विटा मात्र भट्टीवरच जायच्या, "कापी आपजो", कापूनच द्या, असं बजावून. आणि पतंग हे काकांचं खातं.

आज गच्चीवर पान ठेवलं. खीर, वडे, सगळं तिच्या आवडीचं. कावळा काही येईना.

"ओव्हन विकणार नाही," कोणीतरी म्हणालं. कावळा नाही.

"तुझा केकचा क्लास मी चालवीन," मी म्हणाले. तरी नाही.

मग काका जिना चढून आले, कठड्याला धरत. हातात नुकताच तळलेला पापडाचा पतंग. तो पानावर ठेवला.

"सुधा, भिंती झाल्यात. छप्पर बाकी आहे."

कावळा आला. खिरीकडे बघितलं नाही, वड्यांना शिवला नाही. पतंग चोचीत धरला आणि नागरवाड्याच्या छपरांवरून उडत गेला.

आम्ही सगळे रडत होतो आणि हसतही होतो. काका मान वर करून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

मग म्हणाले, "चला खाली. पाक थांबत नाही."

काकू, तुला आम्हा सगळ्यांची चिकट हातांनी श्रद्धांजली.