दोघांत बेतलेल्या गोळ्या

माझ्या ओळखीत आजारी माणसं पुष्कळ आहेत, पण आपल्या आजारांना पदं वाटून कामाला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. छावणीत आम्ही भाड्यानं राहत होतो तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून एक खोली होती, तिच्यात हे टेलरमामा आणि मामी राहायचे. मामा मूळचे लासूर स्टेशनकडचे. पोलीस ॲक्शन होऊन दोन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा मिसरूड फुटायच्या आत ते चुलत्याच्या हाताखाली शिवणकाम शिकायला छावणीत आले आणि पुढं पन्नासएक वर्षं त्यांनी फौजेचे गणवेश शिवले. स्वतः एक पाऊल कवायत केली नाही, पण कुणाच्या खांद्यावर काय लागतं आणि कुणाच्या बाहीवर किती पट्ट्या येतात हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. पुढं डोळे आणि गुडघे दोन्ही सुटले, मशीन कोपऱ्यात जाऊन बसलं, आणि रिकाम्या झालेल्या त्या खोलीत एकेक आजार बिऱ्हाड घेऊन आला. मामांनी प्रत्येकाला नेमणूक दिली. शुगर म्हणजे कर्नलसाहेब, कारण ते दिसत नाहीत, बोलत नाहीत आणि सगळा कारभार त्यांच्या हुकमावर चालतो. बीपी म्हणजे मेजरसाहेब, कधी चढतील नेम नाही. दमा हा बिगुलवाला. आणि दोन गुडघे हे दोन जवान. "लई हरामखोर हायेत दोघं बी," मामा सांगायचे, "सरकारी संडासापाशी बरुब्बर सुट्टीवर जात्यात."

त्यामुळं त्यांना "कसं काय मामा?" असं विचारलं की बरं किंवा वाईट असं उत्तर कधी मिळायचं नाही, अख्खी हजेरी ऐकावी लागायची. सकाळी मी ऑफिसला निघताना ते ओट्यावर बसलेले असत. "कर्नलसाब आराम में, मेजर दौऱ्यावर हायेत, बिगुलवाल्यानं पहाटंपासून डोकं खाल्लं," असं सगळं सांगून झालं की वर "बाकी ऑल करेक्ट" म्हणायचे. हे सगळं खोकत, मधे मधे श्वासाला थांबून. ऐकताना हसू यायचं, आणि चार पावलं पुढं गेल्यावर जरा चुकल्यासारखं वाटायचं. मग ऑफिस यायचं आणि विसर पडायचा.

महिन्यातून एकदा मामा मोठ्या सरकारी दवाखान्यात गोळ्या आणायला जायचे आणि त्या दिवसाची तयारी लग्नाला निघाल्यासारखी करायचे. धुतलेला पायजमा, कडक कॉलरचा सदरा, आणि कॉलरच्या आतल्या बाजूला टोचून ठेवलेली दोरा ओवलेली सुई. ती सुई रांगेसाठी. सकाळी आठला लागलेली रांग दुपारी दोनला खिडकीपाशी पोचायची, तेवढ्या वेळात मामा मागच्या-पुढच्या लोकांची तुटलेली बटणं लावून द्यायचे, उसवलेले खिसे शिवायचे. डोळ्यांना दोरा दिसत नव्हता, बोटांना दिसत होता. एकदा मी सोबत गेलो तर पाहिलं, गुडघ्यांनी रजा टाकली म्हणून मामा भिंतीला टेकून खाली बसले होते आणि रांगेत त्यांच्या जागी त्यांच्या चपला उभ्या होत्या. रांग हलली की कुणीतरी पायानं त्या चपला पुढं सरकवायचं, अगदी अदबीनं. आत गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, रोज एक फळ खात जा, सफरचंद उत्तम. मामांनी हात जोडून विचारलं, "रोज निस्तं बघितलं तर चालंल का साहेब? बाजारातूनच जातो मी." डॉक्टर हसले, मीही हसलो. मामा हसले नाहीत. ते खरंच विचारत होते की काय, ही शंका मला फार उशिरा आली.

पण मामांची खरी ओळख म्हणजे त्यांचं कापड वाचवणं. शिंपी कापड बेततो, म्हणजे कात्री लावायच्या आधी पसरलेल्या पन्ह्यावर खडूनं आखून कुठला तुकडा कुठून निघेल हे ठरवतो, आणि या कामात मामांचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता असं जुनी माणसं सांगायची. एका सदऱ्याच्या कापडात सदरा आणि वर पोराची चड्डी काढायचे. उरलेल्या चिंध्यांच्या मामींनी गोधड्या केल्या होत्या, सगळ्या एकाच खाकी रंगाच्या. फुकट काही जाऊ द्यायचं नाही, एवढा एकच धर्म त्यांनी मनापासून पाळला, आणि घात त्यानंच केला.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडं पेपर द्यायला गेलो तर मामा जमिनीवर पाट घेऊन बसले होते. पाटावर पांढऱ्या गोळ्यांची ओळ मांडलेली. प्रत्येक गोळीवर ते निळ्या खडूनं मधोमध रेघ मारत होते आणि दाढीच्या ब्लेडनं रेघेवरून कापत होते. अर्धी एका डबीत, अर्धी दुसऱ्या डबीत. मी विचारलं, हे काय? तर मामांनी मोठ्या कौतुकानं सगळं समजावून सांगितलं. मैदानात एकदा तपासणीचं शिबिर भरलं होतं, तिथं मामींनाही शुगर आणि बीपी निघालं होतं. मोठ्या दवाखान्यात या, गोळ्या चालू करू, असं शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं. पण मामींच्या गुडघ्यांपुढं मामांचे जवान म्हणजे पळणारे. त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जात नव्हत्या, तर सहा तासांच्या रांगेत कुठून उभ्या राहणार? आणि पेशंट समोर आल्याशिवाय त्याच्या नावाचा केसपेपर निघत नाही.

"मंग मी इचार केला," मामा म्हणाले, "आजार तेच हायेत, गोळ्या बी त्याच हायेत. कापड एक, अंग दोन. बेतलं की झालं."

मामी स्टोव्हपाशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आखतात लई सुंदर. एक कण सांडू देत नाहीत."

आणि याच्यापुढचा भाग तर मामांच्या दृष्टीनं देवाची कृपाच होती. अर्ध्या गोळीवर त्यांचा मेजर कसा उतरणार? दर खेपेला बीपी वाढलेलंच निघायचं, आणि डॉक्टर बिचारे गोळी वाढवायचे. एकाची दीड झाली, दीडाच्या दोन झाल्या, शुगरचीही तीच गत. मामा प्रत्येक वाढीला खूश. "बरकत हाय," म्हणायचे, "आता तिला बी पोटभर देता येतं." डॉक्टर विचारायचे, गोळ्या रोज घेता ना? मामा छातीवर हात ठेवून सांगायचे, रोज घेतो, एक दिवस चुकवत नाही. यात खोटं काहीच नव्हतं.

मी काय केलं, तर तिथंच मामांसमोर मोठ्यानं हसलो, आणि ही गोष्ट दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितली. नक्कल करून सांगितली, खडू मारण्यासकट. सगळे पोट धरून हसले. हेडक्लार्क म्हणाले, या माणसाला आपल्या लेखा विभागात आणून बसवा. पुढं कुणी नवीन बदलून आलं की मला आग्रह व्हायचा, तो गोळ्यांचा किस्सा सांगा. असा तो किस्सा मी दोन वर्षं सांगितला, आणि दोन वर्षं माझ्या भिंतीपलीकडं ब्लेड चालत राहिलं.

मग एका थंडीत बिगुलवाल्यानं मामांना असं काही धरलं की त्यांना बोलताही येईना. मी रिक्षा आणली, मामांना उचलून बसवलं, आणि दवाखान्यात विचारतील म्हणून फळीवरची गोळ्यांची पिशवी दोन्ही डब्यांसकट उचलून सोबत घेतली. शहाणपण केलं असं मला वाटलं. मामी दारात भिंत धरून उभ्या होत्या, काहीतरी बोलणार होत्या, पण रिक्षा चालू झाली होती.

वॉर्डात मामांना केसपेपरवर लिहिलेल्या गोळ्या मिळू लागल्या. पूर्ण. सिस्टर पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी राहायची आणि तोंड उघडून दाखवा म्हणायची, त्यामुळं बेतायला काही वाव नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा उठून मोरीकडं गेले आणि तिथंच कोसळले. बीपी पार तळाला गेलं होतं, शुगरही. वॉर्डात पंचविशीची एक डॉक्टर होती, ती केसपेपर पुन्हा पुन्हा उलटून पाहत होती. वर्षभर हा माणूस याच गोळ्या घेतोय, मग आजच असं का, हे तिला उलगडत नव्हतं. मला उलगडलं. मामांना सलाईन लावलेलं होतं, त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"भाऊ, ती पिशवी सिस्टरपाशी हाय. घरी न्या. तुमच्या मामीकडं तीन दिवसांपासून गोळी नाय."

मी म्हणालो, मामा, डॉक्टरांना सांगू या, त्या काहीतरी करतील.

त्यांनी माझं मनगट धरलं. "सांगू नगा. माझ्या कागदावरच्या कमी करतील. मंग तिला काय द्यू मी?"

मी पिशवी मागितली. सिस्टर म्हणाली, पेशंट घरी जाईल तेव्हा मिळेल. मी डॉक्टरकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं, आणि भेटायची वेळ संपली म्हणून घरी आलो. खरं तर तेवढ्यावर आपण सुटलो, असंच मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र जाऊन त्या डॉक्टर पोरीला सगळं सांगितलं, शिबिरापासून. हा किस्सा न हसता मी पहिल्यांदाच सांगत होतो. तिनं पेन खाली ठेवलं. रागावली नाही. म्हणाली, "आजींना आत्ता घेऊन या. रांगेत नका थांबू, थेट माझ्याकडं आणा."

मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा मामी स्टोव्हवर चहा टाकत होत्या. मला बघून त्यांनी दुसरी कपबशी घेतली, ती त्यांच्या डाव्या हातातून निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. "कालपासून हात झोपलाय मेला," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. हसताना तोंड एका बाजूनंच हललं.

त्यांना खालच्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डात ठेवलं. मामी वाचल्या. पुढं दीडेक वर्ष जगल्या, पण तो हात उघडला नाही. त्यांच्या नावाचा वेगळा केसपेपर निघाला, गोळ्या पूर्ण मिळू लागल्या. मामा त्यांना भरवायचे, वेणी घालायचे. लासूरला दिलेली त्यांची मुलगी मधे मधे येऊन जायची. आजारांच्या पदांचं मामांनी नंतर काही काढलं नाही. कसं काय विचारलं तर "चाललंय" म्हणायचे, इतर म्हातारी माणसं म्हणतात तसं. मला ते ऐकवत नसे.

पण माझ्या मनात राहिलाय तो मामींना भरती केलं त्या दिवसाचा दुपारचा प्रसंग. मामा हट्टानं वॉर्डातून खाली आले होते आणि बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. आत जायला मनाई होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

वर न बघता त्यांनी विचारलं, "अर्ध्या गोळीनं असं व्हतं, हे तुम्हाला ठावं व्हतं?"

मला नीट माहीत नव्हतं. पण ते बरोबर नाही एवढं कळत होतं. मी हो म्हणालो.

"मला नव्हतं," मामा म्हणाले. "मी शिंपी मानूस. तुम्ही शिकलेले, तुम्ही हसला. मी म्हनलं, हसतात म्हंजे बरुब्बर आसंल."

यात राग नव्हता. मला उभं राहवेना आणि जाववेना. थोड्या वेळानं मामांनी भिंतीकडं सरकून बाकावर जागा केली आणि तिच्यावरून हात फिरवून धूळ झटकली. मी बसलो. आतून कुणी बोलावील म्हणून आम्ही दोघं त्या दाराकडं बघत राहिलो.