लेकीला भाकरी शिकवताना

ज्या साली कापसाला कधी नव्हे असा भाव आला, त्याच साली माझ्या लेकीला देवी आल्या. आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरातले माळी. मोर्णा नदीच्या काठाला आमचं वांग्यांचं, मेथीचं वावर होतं. शेजारचे भाजी उपटून कापूस पेरत होते आणि माझा नवरा गाडीबैल घेऊन व्यापाऱ्यांचा कापूस अमरावतीला वाहत होता. घरी मी, सासू आणि पाच वर्षांची पोर. ताप उतरला, खपल्या गळल्या, पण तिचे डोळे पांढरे पडले ते पडलेच.

वैद्यानं हात टेकले. सासू म्हणाली, "एका जागी बसू दे तिले. बसल्या जागी खाऊ घालू."

तिच्या मनात वाईट नव्हतं. पोर पडेल, भाजेल, विहिरीत जाईल, ही भीती मलाही होती. पण माझ्यामागं तिला घास कोण भरवणार? तिला घरीच शिकवायचं ठरवलं. कसं, ते ठाऊक नव्हतं.

आधी मेथी निवडायला बसवलं. तिचे हात माझ्या मुठीत धरून मी पानं खुडायची. मूठ सोडली की तिचे हात मांडीवर पडत. मी चिडायची, ती रडायची. एकदा ती चुलीकडे सरकली आणि तळवा भाजून बसली. त्यानंतर ती जागची उठेना. रोज एकच विचारायची, "माय, मले कवा दिसीन?"

मी म्हणायची, "उद्या दिसीन."

देवळाच्या पायरीवर एक आंधळा म्हातारा भजनं म्हणत बसे. काहीच सुचेना, तेव्हा त्याच्यापुढं जाऊन बसले. लेकीचं सांगितलं आणि विचारलं, "बाबा, तुमाले कोनं शिकवलं?"

"कोनीच नाई. मोठेपनी धडपडून शिकलो. लहानपनी घरचे म्हनत, उद्या दिसीन. मंग मी कायले शिकतो? वाट पाहात बसलो." मग त्यानं विचारलं, "तू काय सांगतं तिले?"

मी उठले. घरी आले, पोरीला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "आता नाई दिसनार, माये. कधीच नाई."

ती मांडीवरून उतरली. मग दोन्ही मुठींनी मला मारत सुटली. त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. "लेकराची आस तोडली तू," एवढं बोलून सासूनं माझ्याशी अबोला धरला. पोर भिंतीकडे तोंड करून निजलेली पाहिली की वाटे, देवींनी सोडलं होतं, मीच मारलं हिला.

तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. थापण्याच्या आवाजामागं ती भिंत धरून आली, शेजारी बसली आणि तिनं आपले हात माझ्या हातांवर ठेवले. माझे हात पिठानं भरलेले, म्हणून नेहमीसारखे तिचे हात धरता आले नाहीत. मी थापत राहिले. तिचे तळवे माझ्या हातांवरून फिरत राहिले.

"मले पीठ दे," ती म्हणाली.

भाकरी उचलताच मोडली.

"तुटली काय?"

"तुटली."

"दुसरं दे."

पुढं तिला भाकरी जमली, तशा देवींनी डोळे गेलेल्या लेकरांच्या आया माझ्याकडे येऊ लागल्या. मी सांगे, लेकराचा हात धरू नका, त्याला तुमच्या हातावर हात ठेवू द्या. मोडलं तर मोडलं म्हणा. माठ, पाट जागचे हलवू नका, घरातल्या सगळ्यांना बजावा. चूल आधी थंडगार असताना चाचपू द्या. बाया ऐकत, डोळे पुसत. किती जणींनी केलं, कोण जाणे.

नवरा एका खेपेला अमरावतीहून परतला. लेकीच्या हातची भाकरी आहे म्हटल्यावर अर्ध्या जेवणातून उठून तो बाहेर बैलांपाशी जाऊन उभा राहिला.

पुढं कापसाचा भाव पडला, वावरात पुन्हा वांगी आली. लेक वयात आली, तिला मागणं कुणी घातलं नाही. सासू गेली, नवराही गेला. आता मलाच दम लागतो. हल्ली मी तिला माझ्यामागं एकटीनं घर चालवायचं शिकवते आहे, दाराची कडी घालणं, ज्वारीला कीड लागली तर वासावरून ओळखणं. ती सारं करते. कधी मध्येच हात थांबवते आणि म्हणते, "आज नको, माय." मग आम्ही दोघी तशाच बसून राहतो.