नव्या फोटोवर जुने डाग

फोटो स्टुडिओचं एक बरं असतं. गिऱ्हाईक फोटो घेऊन जातं आणि किस्सा आमच्याकडे ठेवून जातं! एकवीस वर्षं मी जुळे सोलापुरातल्या एका स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसते. लोकांचे मिटलेले डोळे उघडलेत, गालावरचे मुरुम काढलेत, रुसून लग्नाला न आलेल्या आत्याबाईंना ग्रुप फोटोत आणून उभं केलंय. घरी जेवताना काही सांगायला लागले की नवरा म्हणतो, "हा झालाय सांगून." मग मी दुसरा काढते. तो निमूट भाकरी मोडत बसतो.

हल्ली सगळ्यात जास्त किस्से जमतात ते एकाच कामाचे. नवा कोरा, लख्ख फोटो घ्यायचा आणि तो जुना करून द्यायचा. रंग उडवून तपकिरी करायचा, कडा पिवळ्या, मधे एक घडी, दोन ओरखडे, कोपऱ्यात ओल आल्यासारखा एखादा डाग. 'अँटिक लूक' म्हणतात त्याला. आमचे मालक अण्णा त्याला म्हणतात 'म्हातारं करणं'. "शैला, हे जोडपं म्हातारं करून ठेव, संध्याकाळी येणारेत," असं ते भर काउंटरवर ओरडतात. नवी गिऱ्हाइकं दचकतात.

या कामाला स्टुडिओत एकच माणूस विरोधक. मुनीरभाई. हे आमचे जुने रिटचर, म्हणजे बारीक ब्रशनं फोटोवरचे डाग झाकणारे. ब्रश ओठांवर फिरवून टोकदार करायचा आणि असा रंग टेकवायचा की डाग कुठं होता ते फोटो देणाऱ्यालाही सापडू नये. अँटिक लूकचं पहिलं काम आलं तेव्हा त्यांनी ब्रशचा ड्रॉवर बंद केला, किल्ली खिशात टाकली.

"चालीस साल दागां निकाल्या मैं," ते म्हणाले, "अब लगाऊं क्या? नक्को बाई!"

तेव्हापासून मी डाग लावायला बसले की मुनीरभाई चहाला जातात. दिवसाला सहा-सात चहा होतात त्यांचे.

*

एक प्री-वेडिंगवालं जोडपं आलं. त्यांना आजी-आजोबांच्या काळातला फोटो हवा होता. मुलगी नऊवारीत, मुलगा धोतर-कोट-टोपीत. अण्णांनी मागं पडदा लावला, लाकडी खुर्ची ठेवली. मुलानं मुलीचा हात हातात घेतला, दोघं एकमेकांकडं बघून गोड हसले आणि फोटो झाला. मी मुलाच्या मनगटावरचं स्मार्टवॉच पुसलं, रंग उडवला, घडी पाडली. माझ्या मते अगदी फर्स्टक्लास काम.

दुसऱ्या दिवशी मुलगा आजीला घेऊन हजर. आजीनं फोटो लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो जुना न्हाय," आजी म्हणाली.

"का हो आजी? किती पिवळा केलाय बघा की!" मी म्हटलं.

"पिवळा करून काय हुतंय?" आजी नातवाकडं वळली. "तुज्या आजोबानं लगीन झाल्यावर वरीसभर माज्याकडं चारचौघांत बगितलं न्हाय. ह्यो तर हात धरून उभारलाय!"

मग मुलीलाही बोलावून आजीच्या देखरेखीखाली फोटो परत काढला. दोघांच्या मधे हातभर अंतर. मुलगी जमिनीकडं बघतेय, मुलगा कॅमेऱ्याकडं, पोलिसानं धरून आणल्यासारखा. आजीला पटला. घरच्यांनी लग्नपत्रिकेवर तोच छापला आणि निम्म्या पाहुण्यांनी फोन करून विचारलं, पोरांच्या मनाविरुद्ध लग्न लावताय का!

*

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि उत्साह दोन्ही भाषांत सारखाच. त्यांनी मोबाइलवर कुठंतरी बघितलं की फोटो खराखुरा जुना करायचा तर चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा. झालं. मुनीरभाईंचा चहा आला होता, तोच अण्णांनी ट्रेमध्ये ओतला. मॅट पेपरवरचा फोटो त्यात बुडवला आणि गच्चीवर नेऊन ठेवला. आमच्या सोलापूरच्या उन्हात माणूस तासाभरात जुना होतो, फोटोचं काय घेऊन बसलात!

तासाभरानं अण्णा वर गेले आणि वरूनच ओरडले, "यप्पा! एन् इदु! हे काय झालं!"

आम्ही पळालो. फोटोतल्या नवरा-नवरीवर मुंग्यांची वरात निघाली होती. नवरदेवाचं तोंड दिसत नव्हतं. आमच्या टपरीवरचा चहा म्हणजे पाक असतो, हे अण्णा विसरले होते.

मुनीरभाईंनी शांतपणे बघितलं. "अण्णा," ते म्हणाले, "बगैर शक्कर का बोलना था ना!" आणि ते दुसरा चहा प्यायला गेले.

*

शेंगाचटणीवाल्या विलासरावांची गोष्ट तर आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. त्यांना पाकिटावर छापायला संस्थापकाचा जुना फोटो हवा होता. धंदा चार वर्षांचा. म्हणून त्यांनी स्वतःच्या वडिलांनाच फेटा बांधून, उखळ-मुसळ देऊन आमच्याकडं आणलं. सोबत आई आली होती. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होती.

अण्णा म्हणाले, "हां, मुसळ उचला." वडिलांनी ते उलटं धरलं.

आई उठली. "ह्यांनी जन्मात कदी मुसळाला हात लावला न्हाय. तिखटानं हात माजं भाजत्यात, आन फोटो ह्येंचा?" असं म्हणून तिनं नवऱ्याच्या हातातलं मुसळ घेतलं, पदर खोचला आणि उखळापाशी बसली. वडिलांनी फेटा काढला आणि सुटल्यासारखे स्टुलावर जाऊन बसले. मला ती बाई इतकी आवडली की मी तो फोटो दोन दिवस खपून केला. कडा वाळवी लागल्यासारख्या, चेहऱ्यावर मात्र एक ओरखडा नाही.

तिथंच चुकलं. विलासरावांनी तो मोठा करून, फ्रेम करून दुकानात लावला. आपल्याकडं तपकिरी फोटो भिंतीवर दिसला की लोक काय समजायचं ते समजतात. कुणी नमस्कार करायला लागलं, एका बाईनं तर चाफ्याचं फूल ठेवलं. एक गिऱ्हाईक फोटोपुढं हात जोडून हळहळलं, "चांगल्या हुत्या हो बाई. कदी वारल्या?"

आई खालीच गल्ल्यावर बसली होती. ती म्हणाली, "आदी तुजं पाकीट बांदू दे, मग बगते!"

*

आता दुसऱ्यांना हसून झालं, तर माझंही सांगते. कॉम्प्युटरवर एक सोय असते, एका बटणात शंभर फोटो एकदम जुने करायची. एका शाळेच्या ओळखपत्रांचं काम होतं, पाचवीचा अख्खा वर्ग. आधीच्या कामाची सेटिंग बदलायची मी विसरले. त्यात पाकिटं बंद करून अण्णांनी स्वतः नेऊन दिली, कुणी उघडून बघितलंच नाही.

अकरा वाजता मुख्याध्यापकांचा फोन. आवाज अगदी थंड. "मॅडम, ही आमची पाचवी 'ब' आहे. ही मुलं स्वातंत्र्यलढ्यात कधी गेली?"

मी फोनवरच खुर्चीतून उठून उभी राहिले. सगळी कार्डं नव्यानं करून दिली. एका मुलीनं मात्र जुनं कार्ड द्यायला साफ नकार दिला. म्हणाली, "यात मी आजीसारखी दिसते." वर्गाच्या बाईंनीही मग तिला दोन्ही कार्डं ठेवू दिली.

*

आणि आता तात्यांचं.

जवळच्याच अपार्टमेंटमध्ये संजय नावाचा एक नोकरदार राहतो. त्यानं एक फोटो आणला. करकंबच्या घराच्या दारात उभी असलेली त्याची तरुण आई. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि वडिलांना, म्हणजे तात्यांना, तो नुकताच सोलापूरला घेऊन आला होता. तात्यांचा नेम असा की सकाळचा चहा आधी फोटोसमोर धरायचा, तिला दाखवायचा, मग स्वतः घ्यायचा. पण गावाकडच्या ओलीनं फोटो काचेला चिकटला होता, बुरशी चढली होती. काढायला जावं तर सालपटं निघत होती. म्हणून आम्ही काचेवरूनच त्याची कॉपी घेतली.

"एकदम नवा करून द्या," संजय म्हणाला. "तात्यांना सरप्राइज."

मी आठवडाभर त्या फोटोवर बसले. बुरशी काढली, साडीचे काठ नीट केले. मुनीरभाई खूश! आपल्या जातीचं काम कितीतरी दिवसांनी आलं होतं. ते माझ्या मागं उभे राहून बोट दाखवायचे. शेवटी बाईंच्या शेजारी कडेला एक मोठा पांढुरका पट्टा राहिला होता, दाराच्या चौकटीपर्यंत पसरलेला. "वो दाग रै गया देखो," मुनीरभाई म्हणाले. "वो भी निकालो." मी काढला. मागं दार लख्ख दिसायला लागलं.

पंधरा दिवसांनी संजय परत आला. चेहरा उतरलेला. "तात्या म्हणतात, ही ती न्हाय. फोटोकडं पाठ करून बसतात. चहा घेत नाहीत. करकंबला परत जातो म्हणतात, तिथं एकटं कसं ठेवू मी त्यांना?"

"जुना फोटो परत लावा ना मग," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. जुन्या फोटोची विटंबना नको म्हणून त्यानं तो हळद-कुंकू वाहून कालव्यात सोडून दिला होता. "ताई, तुम्ही हाच जुना करून द्या."

मी केला. मुनीरभाई चहाला गेले. मी होतं नव्हतं ते कसब लावलं, घडी पाडली, रंग उडवला, चारही कोपऱ्यांत ओल आणली. दोन दिवसांनी संजयचा फोन. तात्यांनी फोटो बघून एवढंच विचारलं होतं, "हिला कावीळ कशानं झाली?"

मला रडू यायचं बाकी होतं. मी म्हटलं, "त्यांनाच घेऊन या."

तात्या आले. हाडकुळे, धोतर-टोपी, हातात काठी. सोबत आणलेली पिशवी गावाला जायची आहे हे दिसतच होतं. मी खुर्ची दिली आणि काचेवरून घेतलेली पहिली कॉपी स्क्रीनवर उघडली, बुरशीसकट. "तात्या, यात काय होतं जे नव्यात नाही, तेवढं सांगा."

तात्या पुढं वाकले. कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी बोट स्क्रीनला लावलं, बरोब्बर त्या पांढुरक्या पट्ट्यावर.

"हे कुटं गेलं?"

"तो डाग होता तात्या. आम्ही काढला."

तात्या माझ्याकडं बघायला लागले, मग संजयकडं. "आमचं लगीन हून म्हैना झाला हुता," ते म्हणाले. "फोटूवाला गावात आलता. हिला एकटीला भ्या वाटत हुतं, म्हनून मी शेजारी उभारलो. त्यो म्हनला, हलू नका, हललं की पुसट येतंय. तेवड्यात थोरलं बंधू आलं की हो दारात! त्येंच्यापुडं बायकूजवळ कसं उभारायचं? मी पळालो."

"म्हणजे फोटोत तुम्ही आलाच नाहीत?" संजयनं विचारलं.

"आलो की," तात्या म्हणाले. बोट अजून तिथंच होतं. "डाग न्हाय बाबा त्यो. मी हाय."

मुनीरभाई दारात उभे होते, चहाला निघालेले. ते परत आत आले. खिशातून किल्ली काढून त्यांनी ड्रॉवर उघडला, ब्रश घेतला, ओठांवर फिरवून टोकदार केला. लख्ख केलेल्या फोटोची आमच्याकडची प्रत समोर ओढली आणि तात्यांशेजारी स्टूल घेऊन बसले.

"बोलो तात्या," ते म्हणाले, "कित्ता हले थे?"