विष उतरल्यानंतरची झोप

डॉ. विमलताई हंगरगे यांच्यासमोर मी पहिल्यांदा बसले ती मुखेडच्या बाजाराच्या दिवशी. भर एप्रिलचं ऊन होतं आणि माझ्या अंगात स्वेटर होता.

त्याआधीच्या सुगीत सोयाबीन काढताना मला घोणस चावली होती. नांदेडला लस मिळाली, डायलिसिस झालं, मी वाचले. गावानं मारुतीपुढं नारळ फोडला. पण त्यानंतर मी पुरती जागी अशी झालेच नाही. माणसं पाण्याच्या तळातून बोलल्यासारखी वाटत. भाकरी थापताना डोळा लागे. केस गळत, ऊनही गार लागे. दिवस कापसासारखे उडून जात आणि त्याचं दुःखही होत नसे.

"लई झोपून राहिली बगा. काम म्हणलं की अंग टाकती," सासूबाईंनी ताईंना सांगितलं.

ताईंनी नाडी पाहिली आणि पाळी कधीपासून बंद आहे, असं विचारलं. तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. साप चावल्यापासून, मी म्हणाले. ताईंनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, ही आळशी नाही. आजारी आहे."

घोणशीच्या विषानं कधीकधी मेंदूच्या तळाची वाटाण्याएवढी ग्रंथी निकामी होते, हे त्यांनी सासूबाईंना सावकाश समजावलं. रक्ततपासणीला लातूरला जायचं होतं, तर त्या स्वतः आमच्याबरोबर एसटीत बसल्या. निदान बरोबर निघालं. जन्मभराच्या गोळ्या सुरू झाल्या. काही दिवसांनी एका सकाळी मला तापत्या दुधाचा वास आला, कितीतरी महिन्यांनी. सासूबाई मागे येऊन बसल्या आणि माझे उरलेले केस विंचरू लागल्या.

पुढे मी ताईंच्याच हाताखाली काम शिकले. साप चावून घरी परतलेल्यांना आम्ही गावोगाव जाऊन भेटतो. लघवी, रक्तदाब तपासतो, आखडलेली बोटं हलवायला शिकवतो, रानात जायची भीती वाटते का विचारतो. अर्धापूरला केळीच्या बागेतून चालताना मी ताईंना विचारलं, या वयात एवढी पायपीट कशासाठी?

"तुझ्याआधी अशीच एक बाई आली होती. मी तिला टॉनिक देऊन परत पाठवलं. ती पुन्हा दिसली नाही."

एवढं बोलून त्या पुढच्या घराकडे वळल्या.

ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. बरे झालो असं समजून झोपेतच चालणारी माणसं आमच्या वाड्यावस्त्यांवर अजून आहेत. त्यांच्या दारापर्यंत पोचायला ताईंचे गुडघे आणि डोळे पुष्कळ वर्षं त्यांना साथ देवोत, आणि त्यांची पिशवी उचलायला मी सोबत असावी.