अधिक श्रावण

माझा सगळ्यात जवळचा मित्र वारला, आणि त्या बातमीला मी उत्तर पाठवलं, 'मला सोडून? थांबवा त्याला. मीही निघालोच, चहा माझ्याकडून.'

सकाळी चालायला जाणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर दिगंबरच्या शेजारच्या सप्रेंनी उजाडायच्या सुमाराला दोनच शब्द लिहिले होते, 'दिगंबर गेला.' मी अंथरुणात, एक डोळा उघडा, दुसरा अजून झोपेत. आता दिगंबर, म्हणजे आमचा दिग्या, रोजच जायचा. माझ्यासाठी बिल्डिंगखाली उभा राहायचा, घड्याळ बघायचा, चरफडायचा आणि मग पुढे निघून जायचा. मला वाटलं, आजही तसाच गेला. आपल्या भाषेत चालायला जातो तोही 'गेला' आणि कायमचा जातो तोही 'गेला', त्याला मी काय करू? माझ्या त्या चहाच्या निमंत्रणाखाली जेव्हा एकामागोमाग एक हात जोडलेले यायला लागले तेव्हा दुसरा डोळा उघडला. मी तसाच धावत सुटलो. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं घर. दाराबाहेर त्याचे बूट होते, आत मोजे खोचून ठेवलेले. रात्री झोपायच्या आधी तो ते तसे ठेवायचा, म्हणजे सकाळी आळसाला सबब मिळायला नको. सबब मिळाली नाहीच... झोपेतच हृदय थांबलं होतं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिही, म्हणजे मन हलकं होईल, असं बरेच जण सांगतात. मला हलकं व्हायचं नाहीये. मला राग आलाय, आणि तो मी इथे नीट, बैठक मारून काढणार आहे. राग यमावर नाही, त्याची माझी ओळख नाही. राग आहे तो एका वाक्यावर. स्मशानात लाकडं रचून होईपर्यंत ते वाक्य मी तिघांच्या तोंडून ऐकलं. 'एवढं सगळं सोडलं बिचाऱ्याने, काय उपयोग झाला?' बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुःख असायचं हो, पण त्या दुःखाच्या मागून एक समाधान डोकवायचं. आपलं काही चुकलं नाही याचं समाधान. दिग्या मेला आणि डोंबिवलीतल्या निदान डझनभर लोकांची बाटली निर्दोष सुटली.

तर त्याने काय सोडलं होतं ते सांगतो. दिग्या विमा कंपनीत होता, मी सरकारी कचेरीत. दर बुधवारी आमची बैठक बसायची. प्रभाकर, म्हणजे प्रभ्या, तिचा स्वयंघोषित अध्यक्ष. दिग्या पिण्यात कोणाला ऐकायचा नाही आणि सिगारेट तर एकीवर दुसरी पेटवायचा. मग एकदा त्याला जिना चढताना दम लागला, छातीत काहीतरी झालं, आणि सुनंदावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला ठाण्याला नौपाड्यातल्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. धीर द्यायला मी सोबत. डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "बसा. कधीपासून होतंय?" मी म्हणालो, पेशंट हा आहे. डॉक्टर म्हणाले, "असं? मग तुम्ही पुढच्या वेळी या." दिग्याला मात्र त्यांनी हसत हसत काही सांगितलं नाही. हे असंच चाललं तर पुढच्या वेळी तुम्ही इथवर चालत येणार नाही, एवढंच म्हणाले.

बाहेर येऊन, या गंभीर विषयावर शांतपणे विचार करता यावा म्हणून, आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर दोन सिगारेटी घेतल्या. दिग्याने त्याची पेटवली, एक झुरका घेतला, तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि पेटलेलीच माझ्या हातात दिली. "धर. हीपण तूच ओढ. मी सुटलो." मी दोन्ही हातांत दोन सिगारेटी घेऊन भर नौपाड्यात ओवाळणीला उभा असल्यासारखा दिसत होतो. आणि मी खरंच दोन्ही संपवल्या. फुकट कशाला घालवायची?

सिगारेट सुटली, पण दारूचं तसं नव्हतं. सिगारेट माणूस एकट्याने सोडू शकतो. दारू सोडायची तर चारचौघांची परवानगी लागते आणि ती मिळत नाही. 'मी सोडली' म्हटलं की सगळे असे बघतात की जणू याने आपल्याला शिवी दिली. डॉक्टरने घाबरवलं का, बायको मारते का, आता आम्ही वाईट का... एकच घे, अर्धा घे, वास तरी घे. पण दिग्याच्या नशिबाने तेव्हा आषाढ संपत आला होता. गटारीला प्रभ्याने आंबिवलीच्या पुढे कोणाच्या तरी फार्महाऊसवर बेत आखला. दिग्या म्हणाला, "मी आजपासूनच श्रावण पाळतोय." आणि काय आश्चर्य, एकानेही हू की चू केलं नाही. श्रावण म्हटल्यावर संपलं. प्रभ्याने उलट त्याच्यासाठी साबुदाण्याची खिचडी मागवली.

दिग्याला किल्ली सापडली. श्रावण संपला तर घरात गणपती. गणपती गेले तर पितृपक्ष. मग नवरात्र. मग मार्गशीर्षातले गुरुवार. मधल्या बुधवारांना त्याने असे असे उपास काढले की ते पंचांगकर्त्यालाही ठाऊक नसतील. शेवटी ऐन शिमग्यात प्रभ्याचा बांध फुटला. "अरे, कसला श्रावण? होळी आली!" दिग्या तोंडावरची रेषा न हलवता म्हणाला, "यंदा अधिक आहे."

तेव्हापासून ते चालूच राहिलं. कोणी ग्लास पुढे केला की "माझा अधिक श्रावण चालू आहे." आम्ही हसायचो. मीही हसायचो. आज तेच आठवून माझी तळपायाची आग मस्तकात जाते. पन्नाशी उलटलेला, पोरीला शिकवून मोठं केलेला माणूस, त्याला स्वतःच्या जिवासाठी एक गोष्ट नको म्हणायला देवाचं नाव पुढे करावं लागावं? देवासाठी सोडली तर तुम्ही सज्जन, स्वतःसाठी सोडली तर शेळपट! कुठल्या शहाण्याने हा कायदा केला? आणि आम्ही सगळे, मी धरून, तो इमानाने पाळत होतो.

मी सोडली ती मात्र निव्वळ अपमानापोटी. दिग्या पहाटे चालायला लागला होता, मग पळायला लागला. एकदा मला घेऊन निघाला आणि डोंबिवली स्टेशनच्या पुलाचा जिना एका दमात चढून गेला. मी मध्यावर बसलो. शेजारी एका भाजीवालीची टोपली होती, ती चहा प्यायला गेली असावी. मी छाती धरून धापा टाकतोय, तर एक बाई वाकून विचारतात, "काका, कोथिंबीर कशी दिली?" बोलायला श्वास नव्हता म्हणून मी हाताची बोटं हलवली. त्यांनी तो भाव समजून घासाघीस सुरू केली. वर उभा राहून दिग्या इतका हसला की त्यालाच कठड्याला धरावं लागलं. खाली येऊन म्हणाला, "मोऱ्या, एकतर पिणं सोड, नाहीतर भाजी तरी ताजी ठेव." त्या रात्रीपासून माझाही श्रावण लागला, सिगारेटसकट.

मग आम्ही दोघं रोज चालू लागलो. फुप्फुसांना चांगली हवा मिळावी म्हणून आम्ही निवडला होता कारखान्यांच्या वसाहतीतला रस्ता, कारण तो सपाट होता. दिग्या नाकाने वास घेऊन सांगायचा, "आज रंगवाले जोरात आहेत." वास येतो याचाच त्याला आनंद. सिगारेटमुळे त्याचं नाक कित्येक वर्षं गेल्यातच जमा होतं. एकदा रस्त्यात थांबून मला म्हणाला, "काल आमटीत मला कढीपत्ता लागला रे. सुनंदाला विचारलं, आज घातलास का? तर म्हणाली, लग्नाला तीस वर्षं होतील, रोज घालते." हे सांगताना त्याचे डोळे भरले होते. काय उपयोग झाला विचारणाऱ्यांनो, हा झाला. नौपाड्याच्या डॉक्टरांकडे तो पुढे किती वेळा गेला, स्टेशनापासून चालत गेला. मुलीच्या लग्नात मांडवभर फिरून त्याने पंगती वाढल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं सगळं आठवत होतं. बैठकीतल्या किती जणांना स्वतःच्या पोरांची लग्नं आठवतात?

एक सवय मात्र त्याची विचित्र होती. काचेच्या ग्लासातून तो पाणीदेखील प्यायचा नाही. कुठेही गेला, हॉटेलात, लग्नात, तरी स्टीलचा पेला मागायचा. नसेल तर ओंजळीने प्यायचा. मी एकदा चिडवलं तेव्हा म्हणाला, "हातात काच आली ना, की हात आपोआप बर्फ शोधायला लागतो." इतक्या वर्षांनीसुद्धा. लोकांना वाटायचं याने सोडली म्हणजे सुटली. तो रोज सोडत होता.

आणि राग त्याच्यावरही आहे, तो का लपवू? ज्या दोन गोष्टींच्या जोरावर मी त्याचं जाणं सहन केलं असतं, त्या दोन्ही त्यानेच माझ्याकडून काढून घेतल्या आणि मग हा गेला. हा काय न्याय झाला? तेराव्यानंतर माझी झोप उडाली. वाईन शॉपसमोरून जाताना माझी पावलं आपसूक हळू व्हायची. मी दुसऱ्या बाजूने जायला लागलो, तर त्या बाजूलाही एक निघालं.

अशात प्रभ्याचा फोन आला. "मोऱ्या, दिग्यासाठी शोकसभा ठेवलीय. कल्याणला. वरचा एसी हॉल घेतलाय." मी पांढरा झब्बा-लेंगा घातला, मोगऱ्याचा हार घेतला, उदबत्तीचा पुडा घेतला आणि पत्त्यावर पोचलो तर तो परमिट रूम. वरचा एसी हॉल म्हणजे वरचा एसी हॉल. दारातल्या वेटरने हार पाहून "लय भारी काम केलं, शेठ" म्हणत तो माझ्या हातातून घेतला आणि गल्ल्यावरच्या लक्ष्मीला घातला.

टेबलाभोवती सगळी बैठक. मधे एक खुर्ची रिकामी, तिच्यापुढे सिगारेटचं पाकीट आणि काठोकाठ भरलेला ग्लास. काचेचा. त्याचा जुना ब्रँड, बर्फासकट. प्रभ्या म्हणाला, "ये. आज तरी तुमची ती श्रावणाची नाटकं नकोत. त्याच्या नावाने एक घे." मी उभाच. तो पुढे म्हणाला, "बघ ना, पहाटे उठला, धावला, गवत खाल्लं... आणि आपल्यात पहिला नंबर कोणाचा लागला? आम्ही बघ, ठणठणीत." हे म्हणताना त्याला खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबेना.

मी तो ग्लास उचलला. खरं सांगतो, ओतून द्यायला उचलला की प्यायला, ते मला अजून माहीत नाही. काच गार होती आणि बोटांना सगळं आठवत होतं. वास वर आला. मी म्हणालो, "प्रभ्या, याने इतकी वर्षं ज्याला हात लावायचा नाही म्हणून ओंजळीने पाणी प्यायलं, ते तुम्ही तो मेल्यावर त्याच्यापुढे ठेवलंत?" आवाज चढवायचा होता, पण तो फाटला. मग काहीतरी बाणेदार करावं म्हणून ग्लास घेऊन ताडताड बेसिनकडे निघालो. तिथली फरशी ओली. पाय घसरला आणि दिग्याचा तो अख्खा पेग, बर्फासकट, माझ्या पांढऱ्या झब्ब्यावर. मागून प्रभ्या ओरडला, "अरे, मोऱ्याने मोरीतसुद्धा नीट ओतली नाही!"

मी तसाच बाहेर पडलो. रिक्षावाला हुंगून म्हणाला, "काका, उलटी येईलसं वाटलं तर आधी सांगा, बाजूला घेतो." अशा वासाने घरी जायची छाती नव्हती. वाटलं, वहिनींकडे जावं. मग त्यांच्या दारात उभं राहिल्यावर वाटलं, अरे गाढवा, इथे तर मुळीच यायला नको होतं! नवऱ्याने ज्याला ओढून बाहेर काढलं तो महिन्याभरात भिजून दारात उभा. पण तोवर बेल वाजवली होती. दाराशी त्याचे बूट अजून तिथेच, मोज्यांसकट.

वहिनींनी दार उघडलं. नाक आक्रसलं. मी भडाभडा बोलायला लागलो, एसी हॉल, हार, लक्ष्मी, फरशी... त्यांनी हाताने थांबवलं.

"पिणारा माणूस थेंब सांडत नाही, भाऊजी. निम्मं आयुष्य बघितलंय मी ते. एवढी सांडलीय म्हणजे पोटात काही नाही. बसा."

मग आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. स्टीलच्या पेल्यात. कडेला पोचा आलेला, त्याचा रोजचा. मी तो दोन्ही हातांनी धरला. पाणी संपलं तरी खाली ठेववेना. वहिनी समोर बसून बघत होत्या.

"प्रभाकरभाऊजी इथेही येऊन बोलून गेले, काय उपयोग झाला म्हणून," त्या म्हणाल्या. "मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही."

मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशीचा माझा तो मेसेज... तुम्ही वाचलात का हो?"

"वाचला की. यांच्या फोनवर सगळ्यात पहिला तोच दिसला, मीही निघालोच." त्यांनी माझ्या हातातून पेला काढून घेतला. "मला मेलीला काही काळजी वाटली नाही. हे रोज खाली ताटकळून सांगायचे, मोऱ्या निघालो म्हणतो ना, तेव्हा तो अजून पलंगावर लोळत असतो."