दोरीपलीकडे

खाली अंगणात शेजारचं जोडपं ऑफिसातून येऊन कपड्यांच्या दोरीवरून बॅडमिंटन खेळतंय. "अरे, फुलाकडे बघ, मोबाइलकडे नको!" ती ओरडते.

आमचीही अशीच दोरी होती. मी कचेरीतून तणतणत आलो की सुमन दारातच रॅकेट हातात द्यायची. "आधी खेळा, मग साहेबांना शिव्या द्या." फुलामागे धावताना मी साहेबांना विसरायचो, रात्री फायलींत नीट लक्ष लागायचं. लोक माझ्या शांत स्वभावाचं कौतुक करायचे. ते खरं तिचं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. दिवसभर राबून ती दमली आहे का, हेही कधी विचारलं नाही.

फूल उडून माझ्या गॅलरीत पडतं. "आजोबा, टाका ना!"

मी हात उचलतो आणि सवयीने आधी दोरीपलीकडे बघतो, सुमन तयार आहे का.