काळी चारची गिटार

लेक शिकायला नागपूरला गेली आणि तिची गिटार पांढुर्ण्याच्या घरात माझ्या गळ्यात पडली. चाळिशी उलटलेली प्राथमिक शाळेची मास्तरीण मी. पण फोनवर बघून बघून जी, सी आणि डी या तीन कॉर्ड बसवल्याच. बोटांना घट्टे पडले. मग लक्षात आलं, आमच्या महिला भजन मंडळाची निम्मी भजनं या तिघींतच मावतात. झालं! आता मंडळात वाजवल्याशिवाय मला चैन पडेना.

पण मंडळाची पेटी सासूबाईंच्या हातात. भजनाला पेटी, ढोलक, टाळ पुरतात, हे त्यांचं म्हणणं. मी हट्टालाच पेटले, तेव्हा कशाबशा कबूल झाल्या. शनिवारी जामसांवलीला मारुतीपुढे भजन होतं. त्याआधी पेटीशी जुळलं तर बस, नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही.

मंगळवारच्या सरावाला माझी पार शोभा झाली. पेटी एकीकडे, मी दुसरीकडे. टाळवाल्या पदर तोंडाला लावून हसल्या. सासूबाईंनी भाता मिटला आणि म्हणाल्या, "ठेवून दे ते, सूनबाई. कान दुखून राह्यले."

असा संताप आला म्हणून सांगू! फोन म्हणत होता तारा बरोबर लागल्यात, बोटंही जागेवर होती. दोन दिवस घरात भांडी आपटली. गुरुवारी सासूबाई शेजारी गेल्यावर त्यांच्या पेटीशी बसले आणि माझा जी कुठे आहे ते एकेक पट्टी दाबून शोधला. सापडला पांढरी पाचवर. आणि मंडळ जन्मभर गात आलंय काळी चारमध्ये, अगदी शेजारच्या काळ्या पट्टीवर! तीन कॉर्ड घोकल्या, पण मंडळ कोणत्या पट्टीत गातं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. पेटीवाल्या घरची सून असून! कपाळावर हात मारून घेतला.

तारा पिळून वर चढवायला गेले तर बारीक तार तुटली. ती बदलली. मग फोनवरच्या एका मास्तरानं दाखवलं, गिटारीच्या दांडीवर पहिल्या घरात सगळ्या तारा चिमट्यानं दाबल्या की गिटार एक पट्टी वर चढते. असला चिमटा आमच्या बाजारात कुठला? शाळेच्या पिशवीतली पेन्सिल काढली, तारांवर आडवी ठेवली आणि केसांच्या रबरांनी करकचून बांधली.

शुक्रवारी सासूबाईंना पेटी वाजवायला लावली. एक अख्खं भजन झालं. त्यांनी पेन्सिलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उद्या गिटार गाडीत ठेवायला सांगितलं.

जामसांवलीला गर्दी होती. पहिलं भजन जुळलं, दुसरंही जुळलं. तिसऱ्याच्या मध्यावर सासूबाईंनी एकाएकी पेटी थांबवली. वाटलं, चुकलंच काही तरी. माझा हात थबकला.

त्यांनी टाळ हातात घेतले होते.

"थांबली कायले?" त्या म्हणाल्या. "आम्ही तुयावर गाऊन राह्यलो."

मग मी वाजवलं. पेटीशिवाय, एकटीनं, आणि अख्खं मंडळ माझ्या तीन कॉर्डांवर गात राहिलं.